भिवंडीतील समुदायाधारित बालसंगोपन आणि प्रतिपालकत्व

समुदायाधारित बालसंगोपन म्हणजे आधाराची गरज असलेल्या बालकास संस्थेत न ठेवता त्याचे स्वतःचे कुटुंब, नातेवाईक, शेजार किंवा त्याच परिसरातील दुसरे कुटुंब यांच्या साहाय्याने वाढविण्याची पद्धती होय. जन्मदाते आईवडील तात्पुरते किंवा दीर्घकाळ सांभाळ करू शकत नसतील, तर बालकाला शासनाच्या देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याच्या व्यवस्थेला प्रतिपालकत्व असे म्हणतात. दत्तकविधानात बालकाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपुष्टात येते. प्रतिपालकत्वात ते कायम राहते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आणि वीटभट्ट्या, गोदामे व आदिवासी पाडे असलेला भोवतालचा तालुका येथे या पद्धतीची गरज आणि तिच्या अडचणी या दोन्ही ठळकपणे दिसतात.

पार्श्वभूमी

भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ७,०९,६६५ होती. देशातील यंत्रमाग व्यवसायाच्या प्रमुख केंद्रांपैकी हे एक आहे. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगण येथून आलेले कामगार या व्यवसायाचा कणा आहेत. यंत्रमागावरील पाळी सर्वसाधारणपणे बारा तासांची असते. अनेक कामगार एकटेच येऊन कारखान्याजवळ राहतात, तर काही बायकामुलांसह भाड्याच्या एका खोलीत संसार मांडतात. अशा कुटुंबाचे आजीआजोबा, काका, आत्या गावी असतात. कुटुंबातील कमावता माणूस आजारी पडला किंवा दगावला, तर गावात जो आधार न मागता मिळतो तो येथे शेजाऱ्यांकडून मिळवावा लागतो. मुलांच्या संगोपनाचा प्रश्न भिवंडीत वेगळा ठरतो तो मुख्यतः यामुळे.

तालुक्याच्या ग्रामीण भागातील चित्र निराळे आहे. कातकरी व अन्य आदिवासी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढील पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर राहतात. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी अख्खे कुटुंब, मुलांसह, कामाला जुंपले जाण्याचे प्रकारही या पट्ट्यात घडत आले आहेत. शहरातील हनुमान टेकडी या वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची मुले हा आणखी एक गट आहे. या मुलांची आई हयात असते आणि तिला मूल जवळ हवेही असते. संध्याकाळनंतर मुलाने थांबायचे कोठे, एवढाच प्रश्न असतो.

त्यात आकस्मिक संकटांची भर पडते. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंड भागातील जिलानी इमारत कोसळली. मृतांमध्ये लहान मुलेही होती. जुन्या, दाटीवाटीच्या इमारती असलेल्या शहरात मुलाचे घर आणि घरची माणसे एकाच रात्री नाहीशी होऊ शकतात.

ऐतिहासिक आढावा

महाराष्ट्रात निराधार मुलांच्या संगोपनाचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने संस्थांचा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला स्वतःच्या घरी वाढविले. संस्था आणि घर या दोहोंचा असा मेळ पुढे मात्र फारसा राहिला नाही. पंढरपूर येथील बालकाश्रम १८७५ पासूनचा आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. तेव्हापासून न्यायालयाने मुलाला ‘रिमांड होम’मध्ये पाठविणे हाच सर्वसामान्य मार्ग झाला. हा शब्द कायद्यातून गेला असला तरी ठाणे जिल्ह्यातील बोलण्यात अजून टिकून आहे. भिवंडी येथे जिल्ह्याचे निरीक्षणगृह व बालगृह असल्याने ‘भिवंडीला पाठवणे’ या शब्दप्रयोगालाही एक धाकाचा अर्थ चिकटला आहे. वास्तविक, कायद्याने विधिसंघर्षग्रस्त बालके आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके हे दोन पूर्णपणे वेगळे वर्ग मानले आहेत.

संस्थेऐवजी वस्तीत जाऊन काम करण्याची परंपराही याच परिसरात रुजली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला (तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर जिल्हा) आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळतात किंवा गुरे राखतात, असे आढळल्यावर त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात आणि कुरणात नेली. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आला. केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी सेविका ही आजही बहुतेक वस्त्यांत प्रत्येक घरातील मूल नावानिशी ओळखणारी एकमेव शासकीय व्यक्ती असते.

१९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टी कामगाराची तात्पुरती झोपडी. मूल आईवडिलांजवळच राहील आणि शाळा त्याच्याकडे येईल, हे या शाळांचे तत्त्व होते. याच काळात मुंबईत कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये सुरू केलेले रात्रनिवारा केंद्र रुजत होते. देहविक्रय करणाऱ्या आईपासून मूल कायमचे तोडण्याऐवजी धोक्याच्या तासांपुरते ते सुरक्षित ठेवावे, हा विचार त्यामागे होता. दोन्ही उपक्रमांत मूल उचलून नेले गेले नाही. ज्या गोष्टीची उणीव होती ती मुलापर्यंत आणली गेली.

१९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रायोगिक प्रकल्प म्हणून मुंबईत ‘चाइल्डलाइन’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा १०९८ हा क्रमांक पुढे देशभर गेला. २०२३ मध्ये तिचे संचालन स्वयंसेवी जाळ्याकडून शासनाकडे आले. ठाण्यातील समतोल फाउंडेशन ही संस्था रेल्वे फलाटांवर सापडणाऱ्या, घर सोडून आलेल्या मुलांना कल्याणनजीक मामणोली येथील शिबिरात काही काळ ठेवून नंतर त्यांच्या घरी पोहोचविते.

कायदेशीर चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असून संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय मानावा, असे तत्त्व त्याच्या कलम ३ मध्ये नमूद आहे. भारताने १९९२ मध्ये मान्यता दिलेल्या बालहक्क संहितेशी आणि संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांशी हे सुसंगत आहे. प्रत्यक्षात मात्र देशाचा कल संस्थांकडेच राहिला. केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात ९,५८९ बालसंगोपन संस्था आढळल्या.

कायद्याने निर्णयाचा अधिकार जिल्हा बालकल्याण समितीला दिला आहे. अध्यक्ष व चार सदस्य अशी तिची रचना असते आणि त्यांपैकी किमान एक सदस्य महिला असावी लागते. काळजीची गरज असलेले बालक सापडल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा, अशी कालमर्यादा आहे. समितीला जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे साहाय्य असते.

कुटुंबाधारित संगोपनासाठी कायद्यात तीन तरतुदी आहेत: कलम ४४ प्रतिपालकत्वाचे, कलम ४५ प्रायोजकत्वाचे, तर कलम ४६ अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्यांच्या अनुरक्षणाचे आहे. कलम ४४ नुसार प्रतिपालक कुटुंबाची निवड त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहून केली जाते. सख्खी भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत, समितीने बालकाच्या हिताविरुद्ध मानले नसेल तर जन्मदात्यांना भेटू द्यावे आणि समितीने प्रतिपालक घराची दर महिन्याला तपासणी करावी, असेही कायदा सांगतो. दत्तक देण्यायोग्य ठरलेले बालक दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही. मासिक तपासणीची अट कागदावर चांगली असली, तरी पाच जणांच्या समितीकडे अख्खा जिल्हा असताना ती पाळणे अवघड आहे.

केंद्राच्या २०२४ मधील सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी यांपैकी कोणाचेही, तर एकटा पुरुष केवळ मुलग्याचे प्रतिपालकत्व घेऊ शकतो. प्रतिपालक कुटुंबात राहिलेले बालक त्याच कुटुंबाने दत्तक घेण्यासाठी आवश्यक असलेला पाच वर्षांचा कालावधी दोन वर्षांवर आणण्यात आला.

अर्थसाहाय्य

मूल संस्थेत जाण्याचे कारण अनेकदा पोरकेपण नसून दारिद्र्य असते. बालगृहांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी हयात असते. यंत्रमागावर काम करणारा पती गेल्यावर दोन मुलांची आई संस्थेच्या दारात येते ती मुले नकोशी झाली म्हणून नव्हे. तेथे दोन वेळचे जेवण आणि शाळा मिळते, म्हणून. अशा वेळी मुलाला संस्थेत ठेवण्याचा खर्च शासन करणारच असेल, तर त्यातील काही भाग त्या आईलाच का देऊ नये, हा या क्षेत्रातील जुना प्रश्न आहे. प्रायोजकत्व आणि महाराष्ट्राची बालसंगोपन योजना ही त्याची दोन उत्तरे आहेत.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत अनाथ, एकपालक, तसेच पालकांचा दुर्धर आजार किंवा तुरुंगवास अशा कारणांनी अडचणीत आलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना कुटुंबातच राहण्यासाठी दरमहा साहाय्य मिळते. ही रक्कम दीर्घकाळ ४२५ रुपये होती. ती आधी १,१०० रुपये आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आली. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतील प्रायोजकत्व व प्रतिपालकत्वासाठी दर बालकामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. प्रायोजकत्वासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे. कोविड साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने प्रत्येकी ५ लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्राने ‘पीएम केअर्स’मधून १० लाख रुपयांची तरतूद जाहीर केली.

भिवंडीतील अडचण रकमेपेक्षा कागदांची आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचे आधार पत्र लागते. मृत्यू गावी झाला असेल तर दाखला दुसऱ्या राज्यातील पंचायतीकडे असतो. शिधापत्रिका गावच्या घराच्या नावावर असते. भाडेकराराशिवाय राहणाऱ्या कुटुंबाला रहिवासाचा पुरावा मिळत नाही. त्यामुळे योजनेची सर्वाधिक गरज असलेले स्थलांतरित कुटुंबच तिच्या बाहेर राहण्याचा संभव असतो. वस्तीतील अंगणवाडी सेविका किंवा एखादी स्थानिक संस्था पाठपुरावा करणारी असेल, तेथे हे अर्ज पुढे सरकतात.

नातेवाइकांकडील संगोपन

कायद्यातील प्रतिपालकत्व नवे असले तरी त्याचा आशय समाजाला अपरिचित नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मराठीत रूढ आहे. आईच्या पश्चात मावशी, आजी, आत्या किंवा चुलत्याने मूल वाढविणे ही सर्व धर्मांतील कुटुंबांची सर्वसाधारण रीत आहे. वीटभट्टी आणि ऊसतोडणीच्या स्थलांतरासाठी राज्यात चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांनीही तिचा उपयोग केला आहे. अनेक गावांत मूल रात्री आजीकडेच झोपते. जेवणाची आणि अभ्यासाची सोय तेवढी शाळेत होते.

या अनौपचारिक व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की तिच्यावर कोणाचेही लक्ष नसते. नात्याच्या किंवा ओळखीच्या नावाखाली मूल घरकामाला, कारखान्यात किंवा मेंढ्यांमागे पाठविले जाते आणि ‘आमच्याकडे शिकायला ठेवले आहे’ असे सांगितले जाते. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले अल्प मोबदल्यात मेंढपाळांकडे कामाला दिल्याचे उघड झाले, तेव्हा या धोक्याकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. सांभाळण्यासाठी ठेवलेले मूल आणि राबविण्यासाठी ठेवलेले मूल बाहेरून सारखेच दिसू शकते. फरक समजतो तो शाळेच्या हजेरीपटावरून, मुलाच्या वजनावरून आणि शेजारणीच्या बोलण्यातून. घराला अधूनमधून भेट देणारे माणूस असल्याशिवाय यांपैकी काहीच कळत नाही.

धर्म, वंश आणि प्रतिपालकत्व

भिवंडीत मुस्लिम लोकसंख्या मोठी असून तीत कोकणी आणि मोमीन हे जुने समाज आहेत. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात दत्तकपुत्राला औरस पुत्राचा दर्जा मिळत नाही. बालकाचे मूळ पितृनाम आणि वंश पुसला जाऊ नये, असा त्यामागील विचार आहे. मात्र अनाथाचे पालनपोषण हे पुण्यकर्म मानले जाते आणि ‘कफाला’ या नावाने ओळखली जाणारी सांभाळाची संकल्पना धर्मपरंपरेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद २० मध्ये प्रतिपालकत्व आणि दत्तकविधान यांच्याबरोबर कफालाचाही पर्यायी संगोपनाचा प्रकार म्हणून उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात २०१४ मध्ये बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येते, पण तसे करण्याची सक्ती नाही, असे स्पष्ट केले. मूळ नाव व नाते न तोडणारे प्रतिपालकत्व अशा कुटुंबांना दत्तकापेक्षा अधिक स्वीकारार्ह वाटू शकते. कायद्याच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो. भिवंडीसारख्या शहरात तो मध्यवर्ती आहे.

प्रतिपालक निवडताना बालकाची भाषा, धर्म आणि सामाजिक पार्श्वभूमी शक्य तितकी जुळावी, असा संकेत आहे. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराचे, भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराचे आणि कातकरी पाड्यावरचे मूल एकाच तालुक्यात असताना हा संकेत पाळायचा, तर प्रतिपालकांची यादी त्या त्या वस्तीतूनच तयार व्हावी लागते.

वस्ती पातळीवरील समित्या

ग्रामीण भागात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती आणि शहरात प्रभाग पातळीवरील समिती अशी रचना शासनाने आखली आहे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक आणि मुलांचे प्रतिनिधी यांचा त्यांत समावेश अपेक्षित असतो. शाळा सोडलेली मुले, बालविवाहाची शक्यता, नव्याने आलेली कुटुंबे आणि एकाएकी गायब झालेले मूल यांची पहिली नोंद येथे व्हावी, असा हेतू आहे. पुष्कळ ठिकाणी या समित्या कागदावर असतात आणि तपासणी आली की त्यांची बैठक होते.

भिवंडीला अशा कामाचा स्वतःचा एक धडा आहे, तो वेगळ्या क्षेत्रातला. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहरात मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी त्यांत नियमितपणे भेटत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, याचे श्रेय या कमिट्यांना दिले जाते. त्या टिकल्या तोवर त्यांचे बळ नियमित बैठकीत आणि किरकोळ तक्रारीही ऐकून घेण्यात होते. बालसंरक्षण समित्यांत नेमके हेच कमी पडते: संकट येण्यापूर्वीची ओळख.

टीका आणि मर्यादा

संस्थांमधील दुरवस्था हे कुटुंबाधारित संगोपनाच्या बाजूचे मोठे कारण आहे. ठाणे जिल्ह्याच्याच शहापूर तालुक्यात कवडास येथील विशेष मुलांच्या बालगृहातील अत्याचार २०१० मध्ये उघडकीस आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा संस्थांच्या पाहणीसाठी समिती नेमली. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० च्या दशकात झालेल्या अभ्यासात अनाथालयातून प्रतिपालक घरी, विशेषतः वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत, नेलेल्या बालकांचा विकास संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा चांगला झाल्याचे दिसले.

परंतु संस्था बंद केल्या म्हणजे घरे आपोआप तयार होत नाहीत. भिवंडीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असताना सातवे मूल ठेवण्याची तयारी असलेले कुटुंब मनाने श्रीमंत असले, तरी गृहभेटीच्या निकषांत बसेलच असे नाही. उलट जागा असलेले कुटुंब वस्तीपासून दूर असते आणि मुलाची शाळा, मित्र, भाषा तिथे सुटते. अपंगत्व असलेली मुले, किशोरवयीन मुलगे आणि तीन-चार भावंडांचे गट यांना प्रतिपालक मिळणे सर्वांत कठीण जाते. बरेचसे इच्छुक अर्जदार मुळात दत्तकासाठी आलेले असतात. मूल पुढे जन्मदात्यांकडे परत जाईल, ही गोष्ट त्यांना समजावून सांगणे हे समाजकार्यकर्त्याचे पहिले व सर्वांत अवघड काम असते.

प्रतिपालक घरातून परतलेल्या किंवा अठरा पूर्ण केलेल्या तरुणांचा प्रश्नही मोठा आहे. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते आणि संस्थेत वाढलेल्या मुलाकडे संस्थेची कागदपत्रे तरी असतात. मावशीच्या घरी, कोणत्याही नोंदीशिवाय वाढलेल्या मुलाला आपण अनाथ आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याच दाखल्यांमागे धावावे लागते, ज्यांच्या अभावी लहानपणी त्याला बालसंगोपन योजनेचा लाभ मिळालेला नसतो.